महाराष्ट्रातील शिक्षक मूल्यमापन आणि व्यावसायिक विकास

शिक्षक मूल्यमापन म्हणजे शिक्षकाचे अध्यापन, विषयज्ञान, विद्यार्थ्यांशी व पालकांशी असलेला व्यवहार, शाळेच्या कामातील सहभाग आणि सेवेतील नियमितता यांची ठरावीक निकषांवर केलेली तपासणी होय. सेवेत असताना शिक्षकाचे ज्ञान, कौशल्ये आणि दृष्टी वाढावी यासाठी होणाऱ्या प्रशिक्षण, मार्गदर्शन, सहकाऱ्यांशी चर्चा, स्वाध्याय इत्यादी प्रयत्नांना व्यावसायिक विकास म्हणतात. महाराष्ट्रात या दोन्ही प्रक्रिया कायदे, सेवानियम, शासन निर्णय आणि केंद्र शासनाच्या योजना यांमधून घडत गेल्या आहेत. शाळेला भेट देणारा अधिकारी बहुतेक ठिकाणी तपासनीस आणि मार्गदर्शक अशा दोन्ही भूमिका पार पाडतो. या दुहेरी भूमिकेतून निर्माण होणारा ताण या व्यवस्थेच्या इतिहासात वारंवार दिसून येतो.

## संज्ञा आणि हेतू

मूल्यमापनाचे हेतू साधारणपणे दोन मानले जातात. पहिला उत्तरदायित्वाचा. नियुक्ती कायम करणे, पदोन्नती, वरची वेतनश्रेणी किंवा शिस्तभंगाची कारवाई असे निर्णय घेण्यासाठी नोंदी लागतात. दुसरा हेतू सुधारणेचा. वर्गात काय जमते आणि काय जमत नाही हे शिक्षकाला कळावे आणि त्यानुसार त्याला मदत मिळावी, हे त्यात अपेक्षित असते. पहिल्या हेतूसाठी शिक्षकाने आपली बाजू भक्कम दाखवणे स्वाभाविक असते. दुसऱ्यासाठी मात्र त्याने आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगाव्या लागतात. एकाच नोंदीतून दोन्ही हेतू साधता येतात का, हा या विषयातील मूलभूत प्रश्न आहे.

## इतिहास

### ब्रिटिश काळ

१८५४ च्या वूडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले आणि शाळा तपासणीची सरकारी यंत्रणा उभी राहिली. गावोगावच्या शाळा तपासणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरला मराठी बोलीत ‘दिपोटी’ हे नाव पडले. दिपोटी मुलांची परीक्षा घेत आणि तिच्या निकालावरून मास्तरच्या कामाची पारख होई. परीक्षेच्या निकालानुसार शाळांना अनुदान देण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकांचा प्रश्न मांडला. शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांमागे त्यांना जादा भत्ता द्यावा, अशा सूचना त्यांनी केल्या होत्या. शिक्षकाचे वेतन, प्रशिक्षण आणि कामाचे फळ यांचा एकत्रित विचार करणारे हे महाराष्ट्रातील एक आरंभीचे निवेदन आहे. निकालाधारित अनुदानामुळे पाठांतराला उत्तेजन मिळते, अशी टीका पुढे होत गेली. १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावात ही पद्धत सोडून देण्याची भूमिका सरकारने घेतली.

### स्वातंत्र्योत्तर काळ

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. जिल्हा परिषद शिक्षकांच्या वर्तणुकीसाठी १९६७ चे, तर शिस्त व अपिलासाठी १९६४ चे जिल्हा सेवा नियम लागू आहेत. राज्य पातळीवर पुणे येथील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद शिक्षक प्रशिक्षणाचे काम पाहते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) स्थापन झाल्या. खानदेशात जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अशा संस्था आहेत. १९९० च्या दशकातील जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात धुळे जिल्ह्याचा समावेश होता.

१९९४ मध्ये राज्याने केंद्रशाळा योजना सुरू केली. जवळपासच्या साधारण दहा शाळांचे एक केंद्र करून त्यावर केंद्रप्रमुख नेमण्यात आले. यासाठी राज्यात ४,८६० पदे निर्माण करण्यात आली. केंद्रप्रमुखाने शाळांना नियमित भेटी द्याव्यात, अध्यापनाचे निरीक्षण करावे, आदर्श पाठ घ्यावेत आणि दरमहा केंद्रातील शिक्षकांची शिक्षण परिषद भरवावी, अशी अपेक्षा होती. तपासणीपेक्षा मार्गदर्शनाला प्राधान्य देणारा हा महत्त्वाचा प्रशासकीय बदल होता.

## कायदेशीर चौकट

### खाजगी शाळा

खाजगी शाळांतील शिक्षकांना महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली लागू होते. या नियमावलीतील १४ व १५ क्रमांकाचे नियम कामाचे मूल्यमापन आणि गोपनीय अहवाल यांविषयी आहेत. त्यांतील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत:

* शिक्षकाचा गोपनीय अहवाल दरवर्षी ठरवून दिलेल्या नमुन्यात लिहावा. शिक्षकांचा अहवाल मुख्याध्यापक लिहितो आणि मुख्याध्यापकाचा अहवाल व्यवस्थापन लिहिते.
* प्रतिकूल शेरा असल्यास तो संबंधित कर्मचाऱ्याला लेखी कळवावा आणि त्यावर आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.
* परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याच्या कामाचे मुख्याध्यापकाने वस्तुनिष्ठ मूल्यमापन करावे आणि त्याची नोंद ठेवावी.

सेवेतून काढणे, पदावनती इत्यादी निर्णयांविरुद्ध अधिनियमाच्या कलम ९ नुसार शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. परिवीक्षाधीन शिक्षकाची सेवा समाप्त करण्याचा अधिकार व्यवस्थापनाला असला, तरी वरील नियमांनुसार मूल्यमापन झालेले असणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये महाराष्ट्रातील एका शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्याच वर्षी देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्यायालयाने असे म्हटले की, सरकारी कर्मचाऱ्याच्या वार्षिक अहवालातील केवळ प्रतिकूलच नव्हे, तर प्रत्येक नोंद त्याला कळवली पाहिजे. ‘गोपनीय’ या शब्दाचा जुना अर्थ त्यामुळे बराच संकुचित झाला.

### शिक्षणसेवक पद्धत

२००० पासून राज्यात नव्या शिक्षकांची नेमणूक प्रथम तीन वर्षांसाठी शिक्षणसेवक म्हणून मानधनावर होऊ लागली. या काळातील काम समाधानकारक ठरल्यास नियमित वेतनश्रेणी मिळते. सुरुवातीला प्राथमिक स्तरावर दरमहा ३,००० रुपये मानधन होते. २०२३ मध्ये ते प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये करण्यात आले. शिक्षकाच्या आयुष्यातील ही पहिली तीन वर्षे मूल्यमापनाच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक असतात. अनुभवी शिक्षकाच्या मार्गदर्शनाची गरजही याच काळात सर्वाधिक असते.

### शिक्षण हक्क अधिनियम

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियमाने (२००९) कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. नियमित व वेळेवर उपस्थिती, ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेनुसार जादा शिकवणे आणि पालकांशी नियमित संवाद साधणे ही त्यांतील प्रमुख होत. कर्तव्यात कसूर झाल्यास शिस्तभंगाची कारवाई करता येते. मात्र त्यापूर्वी शिक्षकाला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे बंधनकारक आहे.

कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. निवडणुकीच्या कामासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच, अशी कामे सुटीच्या दिवशी व अध्यापनाच्या वेळेबाहेर द्यावीत, असा निर्णय दिला होता. याच अधिनियमाच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २००, तर सहावी ते आठवीसाठी २२० कामकाजाचे दिवस ठरवले आहेत. शिक्षकासाठी तयारीच्या वेळेसह आठवड्याला किमान ४५ तास काम अपेक्षित आहे. अध्यापनाच्या तयारीला कायद्याने कामाचा भाग मानले, हे या तरतुदीचे वैशिष्ट्य होय.

## तालुका पातळीवरील रचना: चाळीसगावचे उदाहरण

जळगाव जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील चाळीसगाव तालुक्यात ही व्यवस्था कशी चालते हे पाहिल्यास तिचे स्तर स्पष्ट होतात. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षकाच्या कामाकडे प्रथम मुख्याध्यापक पाहतो. त्यानंतर केंद्रप्रमुख, अनेक केंद्रांचे मिळून बनलेल्या बीटचे शिक्षण विस्तार अधिकारी आणि पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी असा क्रम लागतो. त्यावर जळगाव येथील जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि नाशिक येथील विभागीय शिक्षण उपसंचालक असतात. माध्यमिक शाळांचा संबंध शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याशी येतो. चाळीसगाव एज्युकेशन सोसायटी, राष्ट्रीय सहकारी शिक्षण प्रसारक मंडळ यांसारख्या संस्थांच्या अनुदानित शाळांना १९८१ ची नियमावली लागू होते. त्यामुळे एकाच शहरातील दोन शाळांमध्ये शिक्षकांचे अहवाल लिहिणारे आणि त्यावर अपील ऐकणारे अधिकारी वेगवेगळे असू शकतात.

प्रशिक्षणाची बाजू याला समांतर चालते. जळगावची डाएट संस्था, तालुक्याचे गट साधन केंद्र, समग्र शिक्षा योजनेतील विषयतज्ज्ञ आणि केंद्रस्तरावरील शिक्षण परिषद हे तिचे टप्पे होत. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी मात्र दोन्ही बाजूंना असतात. ते शेरेबुकात शेरा लिहितात आणि शिक्षण परिषदेत मार्गदर्शनही करतात.

तालुक्याच्या परिस्थितीमुळे मूल्यमापनासमोर काही विशेष प्रश्न उभे राहतात. या भागातील अनेक मुलांची घरची भाषा अहिराणी असते, तर तांड्यांवरील बंजारा मुलांची गोरमाटी. पहिलीत येणाऱ्या अशा मुलाला पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी अंशतः नवी असते. तांड्यांवरील बरीच कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेरगावी जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेच्या दुसऱ्या सत्राचा मोठा भाग या काळात येतो. अशा वर्गाचा वार्षिक निकाल आणि शहरातील स्थिर पटसंख्येच्या वर्गाचा निकाल एकाच मापाने मोजल्यास शिक्षकाच्या कामाची खरी कल्पना येत नाही. घरी आजी-आजोबांकडे मुलांना ठेवून त्यांची शाळा चालू राहावी यासाठी पालकांची समजूत घालणे, परतलेल्या मुलांची बुडालेली शिकवणी भरून काढणे ही कामे निकालाच्या तक्त्यात दिसत नाहीत.

लहान शाळांचा प्रश्नही असाच आहे. शिक्षण हक्क अधिनियमानुसार पहिली ते पाचवीच्या ज्या शाळेत ६० पर्यंत मुले आहेत, तिथे दोन शिक्षक असतात. म्हणजे एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन किंवा तीन इयत्ता येतात. एका इयत्तेचा एक तास पाहून केलेले पाठनिरीक्षण अशा बहुवर्ग अध्यापनाला अपुरे पडते. शिवाय दोनपैकी एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की संपूर्ण शाळा दुसऱ्यावर येते. प्रशिक्षणाचे वेळापत्रक ठरवताना ही अडचण महत्त्वाची ठरते.

## मूल्यमापनाची साधने

### पाठनिरीक्षण आणि शेरेबुक

वर्गात बसून अध्यापन पाहणे हे सर्वांत जुने साधन आहे. निरीक्षक टाचण, फलकलेखन, प्रश्न विचारण्याची पद्धत, मुलांचा सहभाग आणि वह्यांची तपासणी यांकडे लक्ष देतो व भेटीची नोंद शेरेबुकात करतो. पाठानंतर शिक्षकाशी चर्चा झाली, तर त्याच निरीक्षणाचा उपयोग सुधारणेसाठी होतो. चर्चा न होता केवळ शेरा लिहिला गेला, तर ते तपासणीपुरतेच राहते.

### कामगिरी निर्देशक

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये प्राथमिक स्तरावरील शिक्षकांसाठी ‘पिंडिक्स’ या नावाने ओळखली जाणारी निर्देशकांची चौकट प्रसिद्ध केली. अध्ययन अनुभवांची आखणी, विषयाचे ज्ञान, अध्ययन सुलभ करण्याच्या पद्धती, परस्परसंबंध, व्यावसायिक विकास, शाळेच्या विकासातील सहभाग आणि उपस्थिती अशी तिची सात मानके आहेत. शिक्षकाने प्रथम स्वतःचे मूल्यमापन करायचे आणि नंतर मुख्याध्यापकाने ते पडताळायचे, अशी तिची रचना आहे.

### शाळासिद्धी

राष्ट्रीय पातळीवर नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झालेला शाळासिद्धी हा संपूर्ण शाळेच्या मूल्यमापनाचा कार्यक्रम आहे. त्यात सात क्षेत्रे व ४६ गाभामानके असून स्वयंमूल्यमापन आणि बाह्यमूल्यमापन असे दोन टप्पे आहेत. चौथे क्षेत्र शिक्षकांची कामगिरी व व्यावसायिक विकास यांविषयी आहे. नव्या शिक्षकांचे उद्बोधन, उपस्थिती, जबाबदाऱ्यांचे वाटप, बदलत्या अभ्यासक्रमासाठीची तयारी, कामगिरीचे संनियंत्रण आणि व्यावसायिक विकास यांचा त्यात समावेश होतो. येथे दोष एकट्या शिक्षकाचा न मानता, त्याला शाळेकडून काय मिळाले हेही विचारले जाते.

### पात्रता परीक्षा

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने ऑगस्ट २०१० मध्ये इयत्ता पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) अनिवार्य केली. महाराष्ट्रात ती प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात, सेवानिवृत्तीस पाच वर्षांपेक्षा अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असा निर्णय दिला. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना सेवेत राहण्यासाठी सूट मिळाली. मात्र पदोन्नतीसाठी त्यांनाही परीक्षा आवश्यक ठरली. प्रवेशाची अट म्हणून आलेली परीक्षा या निर्णयाने सेवेत टिकण्याची अट झाली. त्यामुळे दीर्घ अनुभव असलेल्या शिक्षकांमध्ये या निर्णयाविषयी मोठी अस्वस्थता निर्माण झाली.

## व्यावसायिक विकासाचे मार्ग

### सेवांतर्गत प्रशिक्षण

अभ्यासक्रम बदलला की राज्यस्तरावर साधनव्यक्ती तयार करून जिल्हा, तालुका व केंद्र अशा उतरत्या क्रमाने प्रशिक्षण देण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे. या पद्धतीने थोड्या काळात मोठ्या संख्येपर्यंत पोहोचता येते. मात्र प्रत्येक पायरीवर आशय पातळ होत जातो, अशी तिच्यावर टीका होते. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या संगणकीय मंचामुळे आणि २०१९ मधील ‘निष्ठा’ या राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रमामुळे हे चित्र काहीसे बदलले. २०२० पासून ‘निष्ठा’चे अभ्यासक्रम ऑनलाइन उपलब्ध झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचा निरंतर व्यावसायिक विकास करावा, अशी अपेक्षा आहे.

### शिक्षकांकडून शिक्षकांकडे

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षक यांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्गरचना बदलली. २०१४–१५ च्या सुमारास राज्याच्या विविध भागांतील शिक्षकांनी तेथील वर्ग प्रत्यक्ष पाहण्यासाठी भेटी दिल्या. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात अशा परस्पर भेटींना आणि शिक्षकांनी स्वतः शोधलेल्या पद्धतींना महत्त्व मिळाले. शिक्षण परिषद, कृतिसंशोधन आणि राज्य परिषदेतर्फे होणारी नवोपक्रम स्पर्धा हे याच प्रकारचे मार्ग होत.

### वेतनश्रेणीशी जोडलेले प्रशिक्षण

राज्यात १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर, मर्यादित प्रमाणात, निवड वेतनश्रेणी मिळते. राष्ट्रीय शिक्षक आयोगाचे अध्यक्ष डी. पी. चट्टोपाध्याय यांच्या नावावरून तिला बोलीत ‘चटोपाध्याय’ असेही म्हणतात. त्यासाठी ठरावीक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. ऑक्टोबर २०१७ मधील शासन निर्णयाने शाळेची शाळासिद्धीतील श्रेणी व विद्यार्थ्यांची प्रगती यांच्याशी हा लाभ जोडला होता. शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला आणि पुढे ही अट वगळण्यात आली. २०२२ मध्ये हे प्रशिक्षण ऑनलाइन घेण्यात आले.

## निकालाधारित मूल्यमापनाविषयी मतभेद

विद्यार्थ्यांच्या गुणांवरून शिक्षकाची पारख करावी का, याविषयी जगभर मतभेद आहेत. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातील ग्रामीण शासकीय शाळांत केलेल्या प्रयोगात, निकालावर आधारित बोनस दिलेल्या शाळांतील मुलांचे गुण दोन वर्षांनंतर इतर शाळांतील मुलांपेक्षा अधिक आढळले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. फुले यांनी १८८२ मध्ये सुचवलेल्या भत्त्याशी या कल्पनेचे साम्य आहे. दुसरीकडे, अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ च्या निवेदनात असे नमूद केले की, बहुतेक अभ्यासांनुसार विद्यार्थ्यांच्या गुणांतील फरकांपैकी केवळ १ ते १४ टक्के फरक शिक्षकांमुळे पडतो. उरलेल्या फरकाची कारणे प्रामुख्याने शिक्षकाच्या नियंत्रणाबाहेर असतात. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. प्रोत्साहनाने सरासरी निकाल सुधारू शकतो, पण त्याच निकालावरून एका शिक्षकाविषयी निर्णय देणे धोक्याचे ठरते.

जपानमधील ‘पाठ अभ्यास’ या पद्धतीत शिक्षक एकत्र बसून पाठ आखतात, एकजण तो घेतो आणि इतर पाहतात. नंतरच्या चर्चेचा विषय शिक्षक नसून पाठ असतो. महाराष्ट्रातील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेच्या मूळ कल्पनेशी ही पद्धत जुळते. मात्र परिषदेचा वेळ परिपत्रके, माहितीचे तक्ते आणि ऑनलाइन नोंदींच्या सूचना यांतच गेला, तर प्रत्यक्ष अध्यापनावरील चर्चा मागे पडते, अशी शिक्षकांची तक्रार असते.

शिक्षक संघटनांच्या मागण्यांत अशैक्षणिक कामे कमी करणे, रिक्त पदे भरणे आणि मूल्यमापनाचे निकष आधी जाहीर करणे यांना महत्त्वाचे स्थान आहे. पालक आणि शाळा व्यवस्थापन समित्या यांची अपेक्षा प्रामुख्याने नियमित अध्यापन आणि मुलांच्या प्रगतीची स्पष्ट माहिती ही असते. अभ्यासकांच्या चर्चेत सेवाविषयक निर्णयांसाठीच्या नोंदी आणि सुधारणेसाठीचे मार्गदर्शन वेगळे ठेवणे, शाळेची परिस्थिती लक्षात घेणे आणि एकापेक्षा अधिक साधने वापरणे हे उपाय सुचवले जातात.